मास्किंग टेपबरोबर भिंतीचा रंग निघू नये म्हणून

रंग छान लागला, रेघ सरळ आली, आणि शेवटी टेप ओढली तर तिच्याबरोबर भिंतीचा पापुद्राही हातात आला. ठाण्यात-नवी मुंबईत हॉलची एखादी भिंत घरच्या घरी वेगळ्या रंगात करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष टेपला दिला जातो, पुढच्या वेळी महागाची निळी टेप आणली जाते आणि पोपडा पुन्हा निघतो.

टेपची रंगावरची पकड रंगाच्या भिंतीवरच्या पकडीपेक्षा जास्त झाली की रंग सुटतो, एवढाच मामला आहे. पहिली पकड टेप बदलून थोडीफार कमी करता येते. दुसरी मात्र तुम्ही टेप हातात घेण्याआधीच ठरलेली असते. म्हणून या लेखात टेपपेक्षा भिंतीबद्दल जास्त लिहिलं आहे. वेळ कमी असेल तर डिझाइन साधं करा, पण पहिले दोन टप्पे गाळू नका.

टप्पा १: भिंतीवर आधी काय काय लागलंय ते ओळखा

घोडबंदर रोडचे टॉवर, खारघर, उलवे इथल्या नव्या घरांत आतल्या भिंतींना बहुधा जिप्समचा किंवा पीओपीचा गुळगुळीत थर असतो. त्यावर ताबा देण्यापुरता एखाद-दुसरा हात मारलेला असतो, बऱ्याचदा ऑईल बाउंड डिस्टेंपरचा, म्हणजे पाण्यात कालवायच्या स्वस्त रंगाचा. खाली प्रायमर आहे असं गृहीत धरू नका. पीओपी घासल्यावर जी पांढरी भुकटी उडते, ती न पुसता वर रंग मारला असेल तर तो रंग भिंतीला नव्हे, भुकटीला चिकटलेला असतो.

नौपाडा, चरईकडच्या जुन्या इमारतींचं आणि वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या घरांचं दुखणं वेगळं. तिथे चुन्यावर डिस्टेंपर, त्यावर कधीतरी ऑईल पेंट आणि सगळ्यात वर प्लास्टिक पेंट (म्हणजेच पाण्यातला इमल्शन) अशी उतरंड सापडते. यातला एक थर जरी कच्चा असला तरी त्याच्या वरचे सगळे थर टेपबरोबर येतात.

ओळखायच्या तीन साध्या खुणा:

काळं सुती कापड भिंतीवर दाबून वीतभर फिरवा. कापडावर पांढरट पूड आली तर वरचा थर भुसभुशीत झालाय.

ओला स्पंज दहा-बारा वेळा घासा. स्पंजला रंग लागला तर ते डिस्टेंपर किंवा चुना आहे. चांगला प्लास्टिक पेंट एवढ्यानं सुटत नाही.

कापसाच्या बोळ्याला थोडं स्पिरिट (मेडिकलमध्ये मिळतं ते) लावून एका कोपऱ्यात घासा. रंग मऊ पडून कापसावर आला तर तो पाण्यातला इमल्शन. काहीच झालं नाही आणि भिंतीला चकाकी असेल तर तो ऑईल पेंट समजा. चकचकीत ऑईल पेंट न घासता त्यावर थेट इमल्शन मारलं असेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीसारखं अखंड सोलून निघतं. सगळ्यात मोठे पोपडे अशाच भिंतींचे निघतात.

ही तपासणी एकाच जागी करून थांबू नका. खिडकीखालची, बाथरूमला लागून असलेली आणि बाहेरच्या बाजूची भिंत वेगवेगळी तपासा. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. घराची जी भिंत त्या बाजूला उघडी आहे ती आतूनही कमजोर असू शकते.

टप्पा २: टेपचा एक तुकडा आधी लावून बघा

सोफ्यामागे किंवा दाराआड, म्हणजे बिघडली तरी दिसणार नाही अशी जागा निवडा. नव्या पात्याच्या कटरनं रंगावर फुलीच्या आकाराचे दोन छेद द्या, प्रत्येकी दीड-दोन इंचाचे. छेद रंगाच्या थरापुरता हवा, पीओपीत पातं खोल घालू नका. फुलीवर टेप लावा, बोटानं नीट दाबा, दीड-एक मिनिटानं टेप स्वतःवरच दुमडून एका दमात ओढा. रंगाच्या उद्योगात चिकटपणा तपासायची जी प्रमाणित पद्धत आहे, तिचंच हे घरगुती रूप.

आता भिंत सोडा आणि टेपची चिकट बाजू उजेडात धरून बघा. रंग निघाला की नाही यापेक्षा तो कुठून निघाला हे इथे कळतं.

टेप स्वच्छ असेल किंवा छेदाच्या कडेला कणभर रंग असेल तर भिंत ठीक आहे. थेट टप्पा ४ वर जा.

नुसती पांढरी पूड लागली, रंग जागेवरच राहिला, तर पृष्ठभाग खडूसारखा झालाय. अशा भिंतीवर टेप धड चिकटतही नाही, कडेनं रंग आत पाझरतो.

पातळ रंगीत पापुद्रा आला आणि त्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवल्यावर पीठ लागलं, तर खाली भुकटी राहिली आहे किंवा प्रायमर मारलेलाच नाही. नव्या घरांत बहुतेकदा हेच सापडतं.

पापुद्र्याची मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ असेल आणि भिंतीवर खालचा चकचकीत रंग उघडा पडला असेल, तर ते ऑईल पेंटवरचं इमल्शन.

रंगाबरोबर पुट्टीचा टवका आला तर पुट्टीच कच्ची आहे किंवा भिंतीत ओल आहे. मग वरवर काहीही करून उपयोग नाही.

> आधी ओल बघा. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं भिंतीला बंद करून एक दिवस ठेवा. काढल्यावर कागदाच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा भिंत गडद झाली, तर ओल भिंतीतून येतेय. पांढरे क्षार फुललेले दिसले तर कागदाचीही गरज नाही. गळतीचा बंदोबस्त होऊन भिंत पूर्ण वाळेपर्यंत तिथे टेपचं डिझाइन करूच नका.

टप्पा ३: भिंत पक्की करा आणि मग वाट बघा

पूड येणारी किंवा प्रायमर नसलेली भिंत: सुटे पोपडे पत्र्यानं खरवडून काढा. पूर्ण भिंत १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं आणि मग ३२० नं घासा. त्यानंतरची पायरी सगळ्यात जास्त वेळा चुकते. झाडूनं झटकलेली भिंत स्वच्छ झालेली नसते. घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्यानं वरून खाली पुसा, फडकं धुवा, पुन्हा पुसा, आणि काळ्या कापडाची परीक्षा परत घ्या. पूड थांबल्यावर पाण्यातला अ‍ॅक्रिलिक प्रायमर मारा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. प्रायमर 'पुरवायला' म्हणून पाणी वाढवलं की तो भुकटी बांधून ठेवत नाही, आणि मग सगळा खटाटोप वाया जातो. पेंटरकडून काम करून घेत असाल तर पाणी मिसळताना समोर उभे राहा. "दादा, डब्यावर किती लिहिलंय?" एवढं विचारलं तरी पुरतं.

ऑईल पेंटची भिंत: चकाकी जाईपर्यंत घासायची, साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढायचा, साध्या पाण्यानं पुसायचं, वाळू द्यायचं आणि मग प्रायमर. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोडणीचा चिकट थर असतो. घासण्याआधी तो धुऊन काढा, नाहीतर पॉलिश पेपर त्यानं भरून जातो.

> जुना रंग घासताना: घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर, विशेषतः ऑईल पेंट, कोरडे घासू नका. पाणी मारून ओलं घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई असतील तर त्यांना त्या खोलीपासून लांब ठेवा. चिखल पुसून पिशवीत बांधून टाका.

आता वाट बघण्याचा भाग. रंग हाताला कोरडा लागणं आणि तो आतून पक्का होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमल्शन अर्ध्या-पाऊण तासात हाताला लागेनासं होतं, चार-सहा तासांत दुसरा हात मारता येतो. पण थर पूर्ण घट्ट व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. काल संध्याकाळी मारलेल्या रंगावर आज सकाळी टेप लावली तर अर्धवट मऊ थर तिच्याबरोबर येणारच. नाजूक पृष्ठभागांसाठीच्या टेपवरसुद्धा किमान २४ तास थांबा अशी सूचना असते, आणि ती बऱ्या हवामानासाठी असते. आपल्याकडे कोरड्या दिवसांत ताज्या रंगावर टेप लावायला मी आठवडा धरतो, जून ते सप्टेंबरात दोन आठवडे. खाडीकाठच्या इमारतींत पावसाळ्यात कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथे रंगाकडून वेगळी अपेक्षा कशाला?

गणपतीच्या आधी घर रंगवून घ्यायची घाई सगळ्यांनाच असते. तसं असेल तर भिंतीचा मूळ रंग ऑगस्टमध्ये मारून घ्या आणि पट्ट्यांचं, त्रिकोणांचं काम दिवाळीआधी, हवा कोरडी झाल्यावर करा. दोन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका. एसी असेल तर ड्राय मोडवर चालवल्यानं मदत होते, पण त्यानं दोन आठवड्यांचे दोन दिवस होत नाहीत.

> पुढे जाण्याआधी: दुरुस्त केलेल्या भागावर फुलीची चाचणी पुन्हा करा. टेप स्वच्छ आली तरच पुढे.

टप्पा ४: टेप निवडा

हार्डवेअरच्या दुकानात 'मास्किंग टेप द्या' म्हटलं की समोर येते ती पिवळट, सुरकुतलेल्या कागदाची. ती वाईट नाही, पण तिचा चिकटा रबरी असतो आणि दिवसागणिक पकड वाढवत जातो. लावली त्याच दिवशी काढायची असेल तर पक्क्या भिंतीवर चालते. निळ्या पेंटर टेपचा चिकटा वेगळा असतो, त्यातल्या बऱ्याच टेपवर १४ दिवसांपर्यंत स्वच्छ निघेल असं लिहिलेलं असतं. हे १४ दिवस घट्ट, कोरड्या, उन्हाबाहेरच्या भिंतीचे आहेत. पश्चिमेच्या खिडकीत दुपारभर ऊन खाणाऱ्या टेपचा चिकटा त्याआधीच भिंतीत मुरतो.

भिंतीची खात्री नसेल किंवा रंग महिन्याभराच्या आतला असेल तर कमी चिकट, 'डेलिकेट' लिहिलेली टेप घ्या. पातळ वाशी टेपनं (जपानी धर्तीच्या कागदाची टेप) रेघही जास्त धारदार येते. एक इंची पुरते. रुंद टेप म्हणजे भिंतीला चिकटलेला जास्त भाग, आणि तो सगळा नंतर सोडवायचा असतो.

खाकी पॅकिंग टेप, इलेक्ट्रिकची काळी टेप आणि सेलोटेप भिंतीला लावूच नका. दुकानात वर्षानुवर्षं उन्हात टांगलेली मास्किंग टेपही नको. तिचा कागद काढताना फाटतो आणि चिकटा भिंतीवर राहतो.

घरात फक्त पिवळी टेप असेल तर तिची पकड कमी करता येते: धुतलेल्या जीन्सवर टेप एकदा चिकटवून काढा, मग भिंतीला लावा. रोएँदार टॉवेल किंवा बनियन वापरलं तर टेपच्या कडेला धागे चिकटतात आणि रेघ फाटते.

टप्पा ५: टेप लावणं

पेन्सिलीनं फिकट खुणा करा, लेव्हल किंवा ओळंबा वापरा. जाड शाईचं पेन नको, ते नव्या रंगातून वर येतं.

टेप एका वेळी फूट-दीड फूटच सोडा आणि न ताणता ठेवत जा. ताणून लावलेला सुरकुत्यांचा कागद नंतर आखडतो, कडा सुटतात, सुटलेल्या कडेतून रंग आत जातो, आणि मग लोक पुढच्या वेळी टेप आणखी दाबतात. पोपड्यांचं मूळ अनेकदा या दाबण्यात असतं. पूर्ण टेप अंगठ्यानं रगडायची गरज नाही. नवा रंग ज्या बाजूला येणार, तिकडची फक्त तीन-चार मिलिमीटरची कड जुन्या एटीएम कार्डानं दाबा. उरलेली रुंदी नुसती टेकलेली पुरे.

प्रत्येक पट्टीचं एक टोक इंचभर दुमडून ठेवा. काढताना नखानं टोक शोधत भिंत खरवडावी लागत नाही.

टप्पा ६: कड बंद करा, मग रंग

टेपच्या कडेवरून आधी भिंतीचा जुनाच रंग, अगदी पातळ, ब्रशनं फिरवा. जो काही रंग टेपखाली झिरपायचा तो जुन्याच छटेचा झिरपेल आणि दिसणार नाही. तो सुकला की नवा रंग मारा. यासाठी मूळ रंग वाटीभर शिल्लक असायला हवा. नसेल तर टेप लावण्याआधीच सोय करा.

नवा रंग दोन पातळ हातांत मारा. ब्रश टेपवरून भिंतीकडे न्या, उलट दिशेनं नेला की रंग कडेखाली ढकलला जातो. टेपवर रंगाचा जाड गोळा साचू देऊ नका. तो सुकल्यावर टेप आणि भिंत यांच्यावर एकच सलग कातडं तयार होतं, आणि टेप ओढली की ते भिंतीवरून फाटत येतं.

टप्पा ७: टेप सोडवणं

दुसरा हात मारून झाल्यावर चहा घ्या आणि परत या. 'उद्या सकाळी आरामात काढू' म्हटलं की काम बिघडलंच. रंगाची ओली चमक गेलेली, पण थर अजून लवचीक, ही वेळ साधायची. कोरड्या हवेत साधारण अर्धा ते एक तास, पावसाळ्यात थोडं जास्त. रंग ओघळण्याइतका ओला असेल तर मात्र थांबा.

दुमडलेलं टोक धरा आणि टेप तिच्या स्वतःच्याच अंगावर, भिंतीला जवळ ठेवून मागे घ्या, थोडी तिरकी, नव्या रंगापासून दूर. भिंतीपासून काटकोनात बाहेर ओढली तर सगळा जोर रंग उचलण्यात जातो. आणि सावकाश. चिकट्याचा स्वभाव असा की जितक्या झटक्यानं ओढाल तितका तो जास्त धरून ठेवतो. मीटरभर पट्टीला अर्धं मिनिट लागलं तरी लागू दे.

रात्र उलटली असेल तर आधी नव्या पात्याच्या कटरनं टेपच्या कडेवरून पट्टी धरून हलका छेद द्या आणि मग काढा. स्विचबोर्डाजवळ पातं चालवायचं असेल तर आधी मेन बंद. टेप अडतेय असं वाटलं तर हेअर ड्रायर मध्यम आचेवर, सात-आठ इंचांवरून थोडा वेळ फिरवा. चिकटा मऊ पडतो. एकाच जागी धरून ठेवलात तर रंगच फुगेल.

> पापुद्रा उचलला जाताना दिसला की तिथेच थांबा. टेप परत दाबू नका, तशीच पुढेही ओढू नका. उचललेल्या भागाच्या कडेनं कटर फिरवून तो वेगळा करा आणि उरलेली टेप दुसऱ्या टोकाकडून सोडवा.

तरीही रंग निघालाच तर

निघालेल्या जागेवर लगेच रंग फासू नका. कडांचा सुटा भाग पत्र्यानं काढा, २२० च्या पेपरनं कडा उतरत्या करा. बोटाला पायरी लागता कामा नये. पुसून प्रायमर, मग पुट्टीचा पातळ हात, वाळल्यावर घासणं, पुन्हा प्रायमर, मग रंग. पुट्टीवर थेट रंग मारला तर ती तो शोषून घेते आणि ठिपका मॅट दिसत राहतो. पहिल्यांदा रोलर वापरला असेल तर टचअपलाही छोटा रोलरच, कारण ब्रशचा पोत वेगळा दिसतो. भिंतीला चकाकी असेल तर ठिगळ उठून दिसणारच, अशा वेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात मारणं शेवटी कमी त्रासाचं.

भिंतीवर राहिलेला चिकटा कोमट साबणपाण्यानं किंवा खोडरबरानं काढा. थिनर, पेट्रोल, रॉकेल इमल्शनवर नको.

आरास आणि भाड्याचं घर

गणपतीची आरास, वाढदिवसाचे फुगे, मुलांचे तक्ते यांसाठी फोमची दुहेरी टेप रंगावर लावणं हे मास्किंग टेपपेक्षा कितीतरी जास्त घातक. ती वजन धरायला बनलेली आहे. मखर स्वतःच्या पायावर उभं राहील असं करा, पडदा खिडकीच्या रॉडला बांधा, माळा दाराच्या चौकटीला किंवा टाइल्सना लावा. भाड्याच्या घरात आधी फुलीची चाचणी करा आणि भिंत कच्ची निघाली तर मालकांना फोटो पाठवून सांगा. नंतर डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जाण्याची वेळ आली तर तो फोटो उपयोगी पडतो.

फोम टेप लागलेलीच असेल तर सरळ ओढू नका. ड्रायरनं शेकून घ्या, जाड शिवणदोरा किंवा दात साफ करायचा फ्लॉस दोन्ही हातांनी ताणून टेपच्या मागून करवतीसारखा पुढे-मागे फिरवा. फोम मधून कापला जातो आणि भिंतीवर पातळ थर उरतो. तो पुन्हा शेकून अंगठ्यानं गोळा करत काढा, कडेकडून मध्याकडे.